श्वासातून जाणारं आम्ल

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात दम धरून बुडी मारलेला माणूस मिनिटभरानं धडपडत वर येतो, तेव्हा त्याच्या रक्तातला ऑक्सिजन संपलेला नसतो. निरोगी माणसात तो तेव्हाही बऱ्यापैकी शिल्लक असतो. त्याला वर आणतो तो साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड. शरीरातली प्रत्येक पेशी हा वायू सतत तयार करते. श्वास रोखला की त्याची बाहेर जायची वाट बंद होते. मग रक्तातून तो मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रापर्यंत पोहोचतो, तिथल्या द्रवात विरघळतो आणि आम्ल बनतो. ते आम्ल ओळखणाऱ्या पेशी छातीला हुकूम सोडतात: श्वास घे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं, की आपला रोजचा श्वास किती खोल आणि किती जलद चालावा हे मुख्यतः हाच वायू ठरवतो.

या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे चांगले पोहणारे तरुण बुडतात. बुडीआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतले की ऑक्सिजनचा साठा वाढतो, असा समज सगळीकडे आहे. हिमोग्लोबिन मुळातच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी भर ती काय पडणार? घटतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं होतं. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी घुसमट होत नाही, आणि माणूस कसलीही धडपड न करता बेशुद्ध होतो. तारकर्ली-देवबागला मुलांना पोहायला नेणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट त्यांना सांगायलाच हवी.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनेकांना कोड्यात टाकणाऱ्या गोष्टीचं मूळही बरंचसं इथेच आहे. ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांवर आलेला रुग्ण फोनवर शांतपणे बोलताना दिसे. त्याच्या फुफ्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर जात होता, त्यामुळे घुसमटीची जाणीव पुरेशी होत नव्हती. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशा सेविका ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेल्या. बोटाला लावायचा तो चिमटा तेव्हापासून आपल्या घरांत आला. रुग्णालयाच्या दारात नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो आता हाच: “ऑक्सिजन किती आसा?” प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. कार्बन डायऑक्साइड किती आणि रक्तातलं आम्ल किती, हा दुसरा अर्धा भाग त्या चिमट्याला कळत नाही. त्यासाठी धमनीतलं रक्त तपासावं लागतं. त्या तपासणीला डॉक्टर आणि परिचारिका ‘एबीजी’ म्हणतात.

आधी आम्लाचा हिशेब पाहू. सोरेनसेन या डॅनिश रसायनतज्ज्ञानं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आम्लता मोजायची ‘पीएच’ ही पट्टी तयार केली. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. पट्टी उलटी चालते: आम्ल वाढलं की आकडा उतरतो. ७.४ म्हणजे एका लिटर रक्तात हायड्रोजनचे आयन फक्त ४० नॅनोमोल, सोडियमच्या पस्तीस लाखांश. इतक्या अल्प प्रमाणावर शरीराचा एवढा कडक पहारा का? कारण प्रथिनांचा आकार, विकरांचं काम, हृदयाचं आकुंचन हे सगळं या आयनांवर अवलंबून आहे. शिवाय पीएच ०.३ ने उतरला की हे आयन दुप्पट होतात. ७.४ वरून ७.१ वर आलेला रुग्ण म्हणजे किरकोळ फरक पडलेला रुग्ण नव्हे. ६.८ च्या खाली माणूस क्वचितच जगतो.

हे आम्ल येतं कुठून? आपल्याकडे लोकांचं बोट लगेच जेवणातल्या आंबटाकडे जातं. कोकमाचं सार, सोलकढी, कैरी. ‘अल्कलाइन पाणी’ विकणारेही याच समजुतीवर धंदा करतात. प्रत्यक्षात कोकमातली सेंद्रिय आम्लं शरीरात जळतात आणि त्यांचं पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. सोलकढी प्यायल्यानं रक्त आंबट होत नाही. उलट जिभेला जराही आंबट न लागणारा तळलेला बांगडा घ्या. त्याच्या प्रथिनांमधल्या गंधकापासून शरीरात सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि ते मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावं लागतं. म्हणून बांगडा सोडायचा नाही. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला असं ६०-७० मिलिमोल आम्ल कुरकुर न करता काढून टाकतात. फुफ्फुसांचा पसारा मात्र फार मोठा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रूपात ती दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल आम्ल बाहेर सोडतात. मूत्रपिंडं बंद पडली तर माणूस काही दिवस तग धरतो, श्वास बंद पडला तर काही मिनिटं. दोन्हींतला फरक या आकड्यांतच आहे.

कार्बन डायऑक्साइडचं आम्ल आणि त्याला आवर घालणारं बायकार्बोनेट अशी ही जोडी आहे. बायकार्बोनेट मूत्रपिंडं सांभाळतात, त्याची पातळी साधारण २२ ते २६ मिलिमोल. कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं सांभाळतात, त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा. लॉरेन्स हेंडरसननं १९०८ मध्ये आणि कार्ल हॅसलबाल्कनं १९१६ मध्ये मांडलेल्या समीकरणाचं सार एवढंच, की पीएच या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो. बायकार्बोनेट २४ आणि रक्तात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२, म्हणजे वीसास एक, असं प्रमाण असेल तर पीएच ७.४. दोन्ही दुप्पट झाले तरी ७.४, दोन्ही निम्मे झाले तरी ७.४. मासळीबाजारात तागडीच्या एकाच पारड्याकडे बघून वजन सांगता येत नाही, तसंच इथेही एकट्या आकड्यावरून निदान होत नाही.

मालवणच्या समुद्रातही हीच जोडी काम करते. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.१ आहे आणि औद्योगिक क्रांतीपूर्वी तो ८.२ च्या आसपास होता. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल बनतो आणि त्यामुळे शिंपल्यांना व प्रवाळांना कवच बांधणं जड जातं. माणसाकडे जादा वायू बाहेर टाकायला फुफ्फुसं आहेत. समुद्राला ती सोय नाही.

एकटा आकडा वाचल्यानं काय घडतं याचा सगळ्यात मोठा धडा १९५२ मध्ये कोपनहेगनला मिळाला. त्या वर्षी तिथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं एकामागून एक येत होती. श्वास चालवणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिल्या तीन आठवड्यांत असे ३१ रुग्ण आले, त्यांतले २७ दगावले. प्रयोगशाळेचा अहवाल सांगत होता की या मुलांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलंय. त्या काळच्या तपासणीत विरघळलेला वायू आणि बायकार्बोनेट एकत्रच मोजले जात, त्यामुळे डॉक्टरांनी अर्थ लावला तो बायकार्बोनेट वाढल्याचा, म्हणजे रक्त अल्कधर्मी झाल्याचा. कारण कळेना. मुलांना ऑक्सिजन दिला जात होता, ती निळी पडत नव्हती, तरी घाम येऊन, रक्तदाब चढून, गुंगीत जाऊन मरत होती.

ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ. त्यांना शेवटचा उपाय म्हणून सल्ल्याला बोलावलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर श्वास उथळ पडलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांनी रोज पाहिलेलं होतं. त्यांनी सांगितलं, हे अल्कधर्मी रक्त नाही, श्वास अपुरा पडल्यामुळे साठलेलं आम्ल आहे. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रुग्णांच्या रक्ताचा पीएच थेट मोजला, तो खाली घसरलेला निघाला. इब्सेन यांचं म्हणणं सिद्ध झालं. पुढचे कित्येक महिने सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीनं मुलांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अतिदक्षता विभाग ही कल्पना तिथून जगभर गेली. आस्ट्रुप यांच्या कामातून रक्तवायूंचं आधुनिक मोजमाप उभं राहिलं. लेलंड क्लार्क यांचा ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड १९५६ मध्ये आला, आणि जॉन सेव्हरिंगहाउस यांनी त्या दशकाच्या अखेरीस तिन्ही मोजमापं एका यंत्रात आणली. १९५६ मध्येच डेन्मार्कमध्ये हातानं दाबायची, आपोआप फुगणारी पिशवीही बाजारात आली. आज १०८ च्या रुग्णवाहिकेत असते ती अंबू बॅग हीच.

कोपनहेगनच्या त्या मुलांचं आणि कोकणात मण्यार चावलेल्या माणसाचं दुखणं श्वासाच्या अंगानं एकच आहे. फुरशाच्या दंशानं रक्त गोठेनासं होतं, सूज येते, वेदना होतात. माणूस ओरडत दवाखान्यात येतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बऱ्याचदा जागेवर दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. मग श्वासाचे स्नायू हळूहळू ढिले पडतात. इथे लोक फसतात ते रुग्णाच्या शांतपणामुळे. दमेकरी धडपडतो, छाती ओढतो. मण्यारीच्या रुग्णाकडे धडपडायला स्नायूच उरलेले नसतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला की चिमटा ९८ टक्के दाखवतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आत कार्बन डायऑक्साइड चढत असतो.

अशा रुग्णाचा एबीजी समजा असा आला: पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ७०, बायकार्बोनेट २७. आम्ल वाढलंय आणि ते श्वासाचं आहे. बायकार्बोनेट जेमतेम हललंय, याचा अर्थ ही काही तासांतली घडामोड आहे, कारण मूत्रपिंडांना जागं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. या रुग्णाला जादा ऑक्सिजन देऊन भागणार नाही. सर्पविषावरच्या लशीबरोबर त्याचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवा, नळी टाकून यंत्रानं किंवा वाटेत हातानं अंबू बॅग दाबून. यंत्र नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक साधी चाचणी कामी येते. रुग्णाला एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला सांगायचं. निरोगी प्रौढ चाळीसच्या आसपास सहज जातो. विसाच्या आतच थांबू लागला, किंवा तासाभरापूर्वी तीस मोजणारा आता पंधरावर अडतोय, तर चिमटा काहीही सांगो, श्वास द्यायची तयारी करायला हवी.

आता आपल्या घरातली आजी घेऊ. पन्नास वर्षं चुलीपुढे बसलेली, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकणीनं फुंकून पेटवलेली. तिनं आयुष्यात विडी ओढलेली नाही, तरी चार पावलं चालली की धाप लागते. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होणाऱ्या या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराकडे, सीओपीडीकडे, जगाचं लक्ष वेधणारा महत्त्वाचा लेख पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिला. चुलीचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. आजीचा आकडा समजा असा: पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३२. कार्बन डायऑक्साइड एकटा वाचला तर छातीत धस्स होईल. पण पीएच पाहा, जवळजवळ ठीक. मूत्रपिंडांनी आठवड्यांमागून आठवडे बायकार्बोनेट साठवून तोल सांभाळलाय. हा तिचा रोजचा आकडा आहे, आणि तो ४० वर आणायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

अशा आजीला थंडी-तापात धाप वाढली की घरचे घाबरून सिलिंडरची चावी पूर्ण उघडतात. माया समजते, पण हे घातक ठरू शकतं. खराब फुफ्फुसात रक्त आपोआप चांगल्या हवेच्या भागांकडे वळवलेलं असतं; जादा ऑक्सिजननं ती व्यवस्था मोडते. ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडूनही देतं, आणि श्वासही काहीसा मंदावतो. चिमट्यावर ९९ झळकत असताना आजी गुंगीत जाते आणि नातवंडांना वाटतं, बरं झालं, झोप लागली. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांना भरमसाट ऑक्सिजन देण्याऐवजी बेताचा, ८८ ते ९२ टक्के राखण्यापुरता दिला, तेव्हा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, तर किती लिटरवर ठेवायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद यंत्रालाच चिकटवा.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ‘नॉर्मल’ आकडाच जीव घेतो. मधुमेहाची इन्शुलिन बंद झालेली मुलगी. शरीर चरबी जाळतं, कीटोन आम्लं साठतात, बायकार्बोनेट खर्ची पडून ८ वर येतं. फुफ्फुसं मदतीला धावतात: श्वास खोल, मोठा, भात्यासारखा चालू लागतो. आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यानं १८७४ मध्ये हा श्वास वर्णिला. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड २० वर येतो आणि पीएच ७.२२ वर तगून राहतो. छातीचा फोटो स्वच्छ, ऑक्सिजन ९९. दमा समजून वाफारा दिला जातो, किंवा ‘घाबरलीय’ म्हणून झोपेचं इंजेक्शन.

आता ती मुलगी थकते, किंवा त्या इंजेक्शननं श्वास मंदावतो, आणि कार्बन डायऑक्साइड ३५ होतो. अहवालात या आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादेत’ असं छापून येतं. बायकार्बोनेट तेच ८. गणित केलं तर पीएच ६.९८. काही मिनिटांपूर्वी जगत असलेली मुलगी एका ‘सामान्य’ आकड्यानं मृत्यूच्या उंबऱ्यावर येते. अतिसारात बायकार्बोनेट वाहून गेलेल्या तान्ह्या बाळाचा, निकामी मूत्रपिंडाच्या माणसाचा, लेप्टोच्या तापात रक्तदाब ढासळलेल्या शेतकऱ्याचा खोल श्वासही याच जातीचा. दम्याच्या झटक्यातही तसंच. सुरुवातीला जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड ३० च्या घरात असतो; तो ४० वर ‘सुधारला’ आणि रुग्ण दमलेला दिसला, तर अतिदक्षता विभागाला आधीच कळवायला हवं.

मालवणच्या किनाऱ्याचं नाव निघालं की बुडण्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये वायरी-भूतनाथच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठजण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बुडणाऱ्याच्या रक्तात दोन्ही आम्लं एकदम चढतात. श्वास बंद म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ऑक्सिजन नाही म्हणून स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं. कार्बन डायऑक्साइड ६० आणि बायकार्बोनेट १४ झालं की पीएच ६.९९. खारं पाणी की गोडं, यावर पूर्वी बराच खल होई; आज वैद्यक ऑक्सिजनच्या अभावालाच खरं कारण मानतं. फुफ्फुसांच्या बारीक पिशव्यांना उघडं ठेवणारा थर पाण्यानं धुऊन जातो आणि त्या मिटतात. म्हणून उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यांत वेळ घालवू नये. बाहेर काढल्याबरोबर श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्यायला सुरुवात करावी, मग छाती दाबावी. ‘सोड्याचं इंजेक्शन द्या, आम्ल मरेल’ असा आग्रहही नातेवाईक धरतात. सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइडच तयार करतो. तो बाहेर टाकणारा श्वास चालू नसेल तर भर पडते ती त्याच वायूची. काही मोजक्या प्रसंगी सोड्याचा उपयोग आहे, तो डॉक्टरांनी ठरवायचा.

यंत्र नसलं म्हणजे हात बांधले जातात असं नाही, हे कोकणातच सिद्ध झालेलं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं घामानं भिजलेली, हातपाय गार पडलेली येत आणि फुफ्फुसात पाणी भरून, तोंडाला गुलाबी फेस येऊन मरत. बावस्करांनी रात्र-रात्र उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब यांची नोंद ठेवली. त्या नोंदींतून त्यांनी ओळखलं, की विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुफ्फुसात पाणी साचतं ते त्यातून. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्रॅझोसिन या स्वस्त गोळीनं त्यांनी हे मृत्यू झपाट्यानं घटवले. या कामासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. रुग्णाच्या उशाशी बसणारा माणूस आणि आकडा, दोघांनी एकमेकांची साक्ष काढायची असते.

एबीजीचं रक्त घेणं हेही कसबाचं काम. सुई मनगटाच्या धमनीत घालतात. शिरेपेक्षा ते बरंच दुखतं, त्यामुळे रुग्णाला आधी सांगावं. सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असतं, पण ते जास्त झालं तर आकडे बिघडतात. हवेचा बुडबुडा राहिला तरी बिघडतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर रक्तातल्या जिवंत पेशी ऑक्सिजन खात राहतात आणि अहवाल खोटा वाईट येतो. म्हणून दुचाकीवरून दुसऱ्या गावच्या लॅबला नमुना पाठवण्यात फारसा अर्थ नाही. यंत्र रुग्णाजवळ हवं. धमनी सापडत नसेल तर शिरेतल्या रक्तावरही पीएच आणि बायकार्बोनेटचा चांगला अंदाज येतो. ऑक्सिजनचा मात्र येत नाही, पण त्यासाठी चिमटा आहेच.

ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. तरीही आजार गंभीर झाला की इथला माणूस बांबोळीचा, गोवा मेडिकल कॉलेजचा रस्ता धरतो. मालवणपासून तो शंभरएक किलोमीटर. इतक्या वेळात कार्बन डायऑक्साइड ५० वरून ९० वर जाऊ शकतो. निघण्यापूर्वीच हा रुग्ण कोणत्या प्रकारात बसतो ते कळलं, तर वाटेत पिशवी दाबायची, बेताचा ऑक्सिजन ठेवायचा की इन्शुलिन व सलाइन सुरू करून निघायचं, हे ठरवता येतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्तवायू तपासणारं एक लहान यंत्र, त्याची न संपलेल्या मुदतीची कार्ट्रिज आणि ते रात्री दोन वाजताही चालवू शकणारा माणूस असणं, ही चैन नाही. आमदारांकडे रस्ता आणि धक्का मागताना ही मागणीही त्याच अर्जात लिहावी.

आणि घरच्यांनी करायचं काम. रुग्णाला न सांगता, त्याच्या छातीकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. प्रौढ माणूस स्वस्थ पडलेला असताना तो १२ ते २० भरतो. २५ च्या वर गेला, दहाच्या खाली आला, खोल भात्यासारखा चालू लागला, किंवा धापणारा माणूस अचानक गप्प होऊन झोपाळू झाला, तर ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी १०८ ला फोन करा आणि चिमट्यावरच्या आकड्याबरोबर श्वासाचा आकडाही डॉक्टरांना सांगा.